झाकणांच्या नादाला जोडीदार

सकाळचे सहा पन्नास. दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या लॅबच्या मागच्या खोलीत एकच दिवा लागला आहे आणि त्याखाली चाळिशी ओलांडलेला एक माणूस मेणात दात बसवतो आहे. वरचा जबडा झाला आहे. खालचे पुढचे दात चालू आहेत. सुरीचं टोक ज्योतीवर धरायचं, मेणाचा थेंब वितळवायचा, त्यात दात रोवायचा, मेण गार होईपर्यंत बोटाने तसाच धरायचा, मग प्लास्टरचे दोन्ही जबडे बिजागरीच्या यंत्रावर मिटून बघायचं. एक दात त्याने लावला, काढला, पुन्हा लावला. दातात काही खोट नव्हती. मेणाच्या वड्यांशेजारी मोबाइल उताणा पडला होता आणि त्याचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

टेबलावर फोन ठेवायचा नाही, हा नियम इथे त्यानेच घालून दिला आहे. प्लास्टरची भुकटी फोनमध्ये जाते आणि फोनमधली कटकट कवळीत जाते, असं तो नव्या पोरांना सांगतो. आज त्यानेच तो मोडला, कारण गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका बाईंचं उत्तर यायचं होतं. त्यांचा मुलगा आपल्या मुलीला पुन्हा भेटेल का, एवढंच त्याने विचारलं होतं. पहिली भेट दोन आठवड्यांपूर्वी झाली. दुसरीही झाली असती. झाली नाही, कारण यानेच फोन करून पुढचं सगळं बंद केलं.

लॅब नऊला उघडते. तो सातच्या आत येतो, कारण दुपारी मुलीची शाळा सुटते तेव्हा फाटकापाशी त्याला उभं राहावं लागतं. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिची पाळी दुपारनंतरची. नवराबायकोची गाठ पडते ती बहुतेक जिन्यात, एक चढताना आणि दुसरं उतरताना. घरातले बरेचसे निर्णय तिथेच होतात, आणि भांडणंही.

मुलगी अकरा वर्षांची. घरात तिला ठकू म्हणतात. तिला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा ती चार वर्षांची होती. पुढची बरीच वर्षं आईबापांनी थेरपीच्या खोल्यांबाहेरच्या बाकांवर काढली. त्या बाकांबद्दल बाप एवढंच म्हणतो, की त्यांना पाठ कुठल्याच ठिकाणी नसते.

ठकूला गटारांच्या झाकणांचा नाद आहे. रस्त्यातली लोखंडी झाकणं, गोल किंवा चौकोनी. कुठे चौकटींची नक्षी, कुठे मधोमध कारखान्याचं चिन्ह आणि साल. ती आधी झाकण ब्रशने झाडते, वर पातळ कागद पसरते आणि मेणाचा खडू आडवा धरून घासत जाते. हळूहळू नक्षी कागदावर येते. हे खूळ डोक्यात घातलं बापानेच. लॅबमधून उरलेल्या गडद मेणाची एक वडी त्याने घरी आणली होती. ठकूने ती कागदावर घासली आणि कागदाखाली नेमकी बाथरूमची जाळी होती. त्यानंतर घरातली एकही उंचसखल वस्तू सुटली नाही. मग जिना झाला, मग रस्ता. आता ती एकाच जातीची झाकणं घेते. रस्ता खोदून बुजवताना जी वाकडी बसवली गेली, ज्यांच्या रेषा आजूबाजूच्या फरशीशी जुळत नाहीत, तेवढीच. सरळ बसलेल्या झाकणाकडे ती ढुंकूनही बघत नाही.

बाप तिच्याबरोबर हिंडतो. ब्रश धरतो, वारा आला तर कागदाचं टोक दाबून ठेवतो, मागून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवतो. पण ठकू फसत नाही. वर्षभरापूर्वी एका झाकणावर ओणवी असताना ती त्याला म्हणाली, "तुला हे आवडत नाही. तू माझ्यासाठी येतोस. मला झाकणांसाठी येणारं माणूस हवं."

त्याने हे लॅबमध्ये आलेल्या कामासारखं घेतलं. माप आलं आहे, वस्तू करून द्यायची.

पहिल्यांदा चित्रकलेचा वर्ग झाला. बाईंनी सगळ्यांना फळांची टोपली काढायला सांगितली. ठकूने कागद उलटा करून बाकाच्या लाकडाचा ठसा घेतला, मग शेजारच्या मुलीच्या बाकाचा, मग शेजारच्या मुलीचं चित्र बाजूला सारून आणखी एकाचा. बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि तिच्यात फार गुण आहेत पण वर्ग तिच्यासाठी लहान पडेल, असं गोड आवाजात सांगितलं. मग नाणी जमवणाऱ्या मंडळींचा गट. तिथे म्हातारे गृहस्थ प्रेमळ होते, ठकूने एका जुन्या नाण्यावर मेण घासेपर्यंत. मग ग्रंथालयातला छंदवर्ग. तिथे प्रत्येक मुलाने आपल्या छंदाबद्दल थोडक्यात सांगायचं होतं. ठकूने बिडाचं झाकण ओतण्यापासून सुरुवात केली. ती बिजागरीपर्यंत आली तेव्हा एका मुलाची आई उठून त्याला घेऊन गेली होती, दोन मुलं टेबलाखाली होती आणि वर्ग घेणारा तरुण घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवत होता. घरी येताना ठकूने विचारलं, की त्यांनी मध्येच टाळ्या का वाजवल्या, अजून कारखान्यांची चिन्हं राहिली होती. बापाला दात-ओठ खायला सुद्धा त्राण उरलं नव्हतं.

लॅबमध्ये पॉलिशच्या चाकावर बसणारा एक जुना कारागीर आहे. सगळे त्याला काका म्हणतात. कुणाची टर उडवण्याचा पहिला मान आपला, असं ते धरून चालतात. "तू लोकांची तोंडं बघतोस, पोरगी गटारांची बघते," ते म्हणाले. "धंदा एकच आहे रे. तिला इथे का आणत नाहीस?" बाप हसला नाही, तेव्हा काकांनी चाक बंद केलं आणि साध्या आवाजात विचारलं, की नेमकं घोडं अडलंय कुठे.

घोडं अडलं होतं ते माणसं सापडण्यात. थेरपीच्या ताईंचं म्हणणं होतं, की दहा मुलांचा घोळका शोधूच नका, एक शोधा. नाद तोच असलेलं एक मूल पुरे. ऐकायला सोपं होतं. वस्तीतल्या पालकांच्या फोनवरच्या गटात त्याने ठकूच्या तीन ठशांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, की गटारांच्या झाकणांमध्ये रस असलेलं कुणी लहान मूल असल्यास कळवावं.

हसरे चेहरे भरपूर आले. एकाने आपल्या गल्लीतलं झाकण फुटल्याचा फोटो पाठवला आणि ते कधी बदलणार, असं विचारलं. दुसऱ्याने दुर्गंधीची तक्रार केली. बापाने आपण त्या खात्यातले नाही असं दोघांना कळवलं, पण तोवर त्याचा नंबर पुढे गेला होता. पुढचे दोन-तीन आठवडे अनोळखी माणसं त्याला फोन करून गटार तुंबल्याचं सांगत राहिली. एका आजोबांनी तर तुम्ही सगळे काखा वर करण्यात पटाईत, असं सुनावलं. बाप ऐकून घ्यायचा. वाद घालण्यापेक्षा खऱ्या खात्याचा नंबर देणं सोपं पडतं, हे त्याला एव्हाना कळलं होतं. तो नंबर त्याला अजूनही पाठ आहे.

त्या सगळ्या गाळातून एक निरोप वेगळा निघाला. माझा मुलगा झाकणांचे फोटो काढतो, बारा वर्षांचा आहे, त्यालाही ऑटिझम आहे, तुम्ही थट्टा करत नसाल तर बोलू. बाप ते जिन्यात उभं राहून बायकोला वाचून दाखवत होता तेव्हा त्याचा आवाज चढला होता. ती म्हणाली, हुरळून जाऊ नकोस, आधी भेट.

निरोप पाठवणाऱ्या बाई एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. मुलाला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून शाळा नसते तेव्हा तो मागच्या सीटवर असतो. शिकाऊ माणूस गाडी बंद पाडतो, बाई त्याला धीर देतात, आणि मुलगा खिडकीतून रस्त्यातली झाकणं बघतो. कानांवर आवाज अडवणारी जाडजूड टोपणं. आईने त्याचं नाव प्रवासी ठेवलं आहे, आणि शाळेतले मास्तर सोडले तर सगळे त्याला तेच म्हणतात.

रविवारी सकाळी भेट ठरली. पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यावर एक चांगलं वाकडं झाकण आहे, तिथे. आदल्या आठवड्यात बापाने ठकूकडून तयारी करून घेतली. नमस्कार म्हणायचं, त्याचं नाव विचारायचं, एक प्रश्न तू विचारायचा, एक त्याला विचारू द्यायचा. जेवणाच्या टेबलावर तो स्वतः प्रवासी झाला आणि ठकूने त्याला तेच तेच प्रश्न विचारले. ठकू म्हणाली, "पण तू प्रवासी नाहीस." बाप म्हणाला, समज. ठकू म्हणाली, की तिला समजता येत नाही, तो बाबा आहे.

प्रत्यक्षात नमस्कार झालाच नाही. गाडीतून उतरलेला मुलगा सरळ झाकणापाशी गेला. ठकू आधीच ते झाडत होती. तो थांबला. तिने झाडणं संपवलं आणि ती मागे सरली, त्याने वरून फोटो काढला आणि तो मागे सरला, तिने कागद पसरला. एकमेकांच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही. एक शब्द झाला नाही. दोन्ही पालक फूटपाथवर उभे राहून एकमेकांकडे अवघडून हसत होते. बाप मधूनमधून "नाव विचार ना, बाळा," असं म्हणत होता. बाई मुलाला "तिला फोटो दाखव," म्हणत होत्या. मुलं कुणाचंच ऐकत नव्हती.

पुढच्या झाकणावर ठकू ठसा घेत असताना प्रवासी वाकला आणि त्याने तिच्या हाताखालचा कागद ओढला. ठकू किंचाळली. मनगट चावू लागली. प्रवासीने कानांवरची टोपणं दोन्ही हातांनी दाबली आणि तो जाऊन गाडीत बसला. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी थांबून बघितलं, एका बाईने "वळण म्हणून नाही," असा शेरा मारला. तो दोन मुलांपैकी कुणाला होता, ते कळलं नाही. भेट तिथेच संपली.

आता या माणसाच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. मेणात लावलेली कवळी आधी पेशंटच्या तोंडात नुसती बसवून बघतात. या चाचणीत ती बरी बसली नाही, तर काही कारागीर इथे तासतात, तिथे मेण भरतात, आठवडाभर दुरुस्त्या करत राहतात. हा तसं करत नाही. पहिल्या चाचणीत बसली नाही, की तो सगळं मेण वितळवतो आणि नव्याने सुरू करतो. त्याच्या कवळ्या परत येत नाहीत, ते यामुळेच. डॉक्टर त्याच्यावर खूश असतात.

त्याच संध्याकाळी त्याने बाईंना फोन केला. माफी मागितली, तुमच्या मुलाला त्रास झाला म्हणाला, आमचं काही हे जमेल असं वाटत नाही, तुम्ही उगाच रविवार खर्ची घालू नका, असंही म्हणाला. बाई "बरं," म्हणाल्या. त्याला हलकं वाटलं. ठकूला त्याने काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

पुढच्या रविवारी ठकू ब्रश आणि कागद पिशवीत घालून दारात उभी राहिली. बापाला वाटलं, नेहमीसारखं हिंडायचं आहे. ती टाकीजवळच्या कोपऱ्यावर गेली, झाकण झाडलं आणि मागे सरून उभी राहिली. कागद पसरेना. बापाने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, की आधी फोटो असतो. फोटो काढणारा आज येणार नाही, असं बापाने सांगितलं. का, असं तिने विचारलं. मीच नको म्हटलं, तुला त्रास झाला ना, त्याने तुझा कागद ओढला, तो म्हणाला.

"कागद वाकडा होता," ठकू म्हणाली. "झाकण वाकडं असतं. कागद सरळ लागतो. त्याने सरळ केला."

"मग तू ओरडलीस का?"

"त्याने सांगितलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने: "आता मला माहीत आहे. आता तो ओढेल तर मी ओरडणार नाही."

ती ऊन चढेपर्यंत तिथेच उभी होती. बाप घरी चल म्हणून दातांच्या कण्या करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जाग आली ती ठकू उशाशी उभी राहून "फोन कर," म्हणाली तेव्हा. तिसऱ्या दिवशीही तेच. तिला दुसरं वाक्य सुचत नाही असं नाही. तिला तेवढंच म्हणायचं होतं.

बायकोला हे जिन्यात कळलं. ती कामावर निघाली होती, उशीर झाला होता, तरी एका पायरीवर थांबली. "पहिल्या ट्रायलला बसलं नाही म्हणून वितळवून मोकळा झालास?" ती म्हणाली. "अरे, ती पोरं आहेत. आणि मला विचारायचं होतंस." तो म्हणाला, की तूही असतीस तर तुलाही तेच वाटलं असतं, एक शब्द बोलली नाहीत दोघं. ती म्हणाली, "आपण दोघं तरी किती बोलतो?" आणि उतरून गेली. हे विनोदाने होतं की रागाने, याचा त्याला रात्री ती घरी येईपर्यंत उलगडा झाला नाही. रात्री कळलं, रागाने होतं.

त्याने फोन केला. गाडी चालू असताना बाई फोन घेत नाहीत आणि दिवसभर त्यांची गाडी चालूच असते. त्याने निरोप पाठवले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यात त्याने सगळं लिहिलं, कागद वाकडा होता तेही. संध्याकाळी बाईंनी स्वतः फोन केला, तो भाजी घेऊन घरी पोचत होता. त्यांचा आवाज कामावरचा होता, कुणाला तरी ब्रेक दाब म्हणून सांगावं तसा सपाट.

घरी जाताना प्रवासीने त्या दिवशी गाडीत काय म्हटलं, ते त्यांनी सांगितलं. तो म्हणाला होता, की ती झाडते म्हणून फोटो चांगले येतात. एवढं मोठं वाक्य तो फार दिवसांनी बोलला होता. त्या संध्याकाळी हेच सांगायला त्या फोन हातात घेत होत्या, तेवढ्यात याचाच आला.

"तुम्ही 'जमेल असं वाटत नाही' म्हणालात," बाई म्हणाल्या. "हे मी शाळांकडून ऐकते. क्लासवाल्यांकडून ऐकते, नातेवाइकांकडून ऐकते. तुमच्याकडून ऐकायची मला सवय नव्हती."

तो जिन्याच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभा होता. चूक झाली म्हणाला. बाई म्हणाल्या, की चूक समजली, पण मधल्या काळात त्यांनी रविवारची वेळ दुसऱ्यांना देऊन टाकली आहे, सकाळपासून ओळीने शिकाऊ आहेत, एक नवरदेव, दोन कॉलेजची पोरं आणि निवृत्त झालेले एक साहेब जे अजून उलट्या गिअरला घाबरतात. बाकीचे वार शाळा आणि काम. वेळ काढायचा म्हटला तर तो आणायचा कुठून? बापाने गळ घातली. मी मुलाला आणायला येतो, सोडायला येतो. बाई म्हणाल्या, की तो त्यांच्या गाडीशिवाय कशात बसत नाही. मग मी ठकूला तुमच्याकडे आणतो. तर बाई म्हणाल्या, घरी आम्ही असतोच कधी? बरं, बघते आणि शनिवारी सांगते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हे गुरुवारचं. शुक्रवारी सकाळी ठकू उशाशी आली तेव्हा त्याने शनिवारी कळेल असं सांगितलं. शनिवारी सकाळी तो निघाला तेव्हा ती दारात उभी होती आणि काही बोलली नाही. ते त्याला जास्त जड गेलं.

फोन नऊनंतर वाजला. तोवर काका आले होते आणि चाक फिरत होतं. बापाने हात वर केला, काकांनी चाक बंद केलं आणि ऐकत नसल्याचं सोंग घेतलं.

बाई एका शिकाऊला सोडून दुसऱ्याची वाट बघत गाडीतच बसल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं. मुलांना भेटवण्यासाठी त्यांच्याकडे वेळ नाही, तो कुठूनच निघत नाही. पण नवरदेवाने येणं बंद केलं आहे. रविवारी सकाळी सातची जागा मोकळी झाली. ती त्यांना भरावी लागेल, शिकाऊ माणसानेच. स्कूलचे मालक गाडी नुसती फिरवू देत नाहीत.

"मी शिकतो," बाप म्हणाला.

"तुमच्याकडे गाडी आहे?"

"नाही."

"घ्यायची आहे?"

"नाही. मला गाडीत मळमळतं."

मग बाईंनी अटी सांगितल्या, एकीमागून एक, थांबा न घेता. मुलं मागे बसतील. त्यांना बोलायला लावायचं नाही. नाव विचार, हात मिळव, असलं काही चालणार नाही. दोघांपैकी कुणी ओरडलं, तर गाडी बाजूला थांबेल, सगळे गप्प बसतील, आणि मग गाडी पुढे जाईल. भेट रद्द होणार नाही. रद्द करायचीच असेल तर ते मुलं ठरवतील. "आणि तुम्ही मला संध्याकाळी फोन करून माफी मागायची नाही," त्या म्हणाल्या. "शिकायला आलात तर आठवड्याआड गैरहजर राहायचं नाही. सुट्टी पडली की ती जागा जाते. मी सांगून ठेवते."

त्याने मळमळीवर गोळी घेऊन चालेल का, असं विचारलं. गाडी चालवणाऱ्याला मळमळत नाही, मागे बसणाऱ्याला मळमळतं, असं बाई म्हणाल्या. त्याचा यावर विश्वास बसला नाही, तरी त्याने हो म्हटलं.

काकांनी चाक सुरू केलं नाही. "आता तू गाडी शिकणार?" ते म्हणाले. "तू? लॅबच्या लिफ्टमध्ये भिंत धरून उभा राहणारा?" बाप म्हणाला, काका, चाक चालू करा. काका म्हणाले, की रस्त्यावर येण्याआधी वस्तीत कळव, निदान ज्यांना तू गटारखात्याचा साहेब वाटतोस त्यांना तरी.

तो दुपारी शाळेच्या फाटकावर गेला तेव्हा ठकूने वाट बघितली नाही, विचारलं, "काय म्हणाल्या?" त्याने सांगितलं. वेळ बदलली आहे, सातला, आणि गाडीत बसायचं आहे. वेळ बदलली की ठकूचं बिनसतं, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने हळूहळू, एकेक गोष्ट सुटी करून सांगितलं. ती चालत राहिली. कोपऱ्यावर तिने विचारलं, की गाडी झाकणावर थांबणार का? गाडी थांबणार नसेल तर काही उपयोग नाही. फोटो खिडकीतून निघतो, ठसा खिडकीतून निघत नाही.

हे त्याने बाईंना विचारलंच नव्हतं. फूटपाथवर उभं राहून त्याने फोन लावला, उचलला गेला नाही. निरोप पाठवला. ठकू शेजारी उभी होती आणि पुढे यायला तयार नव्हती. उन्हात दोघं तशीच उभी. तिला घरी जाऊन थांबू, असं त्याने तीनदा सुचवलं आणि तिने तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो तिच्यावर ओरडला. ती दचकली नाही. तिने फोनकडे बोट केलं.

उत्तर एका ओळीचं आलं. पहिला महिना नवा माणूस गाडी सुरू करायला आणि थांबवायला शिकतो, दुसरं काही शिकतच नाही. गोदामांच्या मागचा रस्ता रविवारी रिकामा असतो. जिथे मुलं म्हणतील तिथे थांबू.

त्याने ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या रस्त्यावर नऊ वाकडी आहेत, आणि चालायला लागली. तिला आनंद झाला का, हे त्याला सांगता येत नाही. त्याबद्दल विचारलं की तो चिडतो. आठवडाभर आपण ज्याच्यासाठी फोनपुढे नाक घासलं, ते तिला हवं तसं आहे की नाही, हे कुणीतरी एकदा स्पष्ट म्हणावं, असं त्याला वाटतं. तसं कुणी म्हणत नाही. दोन मुलं मागच्या सीटवर बसून अर्धा तास एक शब्द बोलणार नाहीत आणि तो पुढे बसून क्लच सोडताना गाडी बंद पाडत राहील. यालाच मैत्री म्हणायचं असेल, तर त्याला ती अजून दिसलेली नाही. तो हे स्वच्छ सांगतो. काय दिसायला हवं, ते ठरवणं आपल्याकडे नाही, असं त्याची बायको त्याला जिन्यात दोनदा सांगून गेली आहे. त्याने मान हलवली, पण ते त्याला पटलं नाही.

सकाळी अर्धवट राहिलेला खालचा जबडा त्याने शाळेच्या फाटकावर जाण्याआधी पुरा केला होता. तो सोमवारी डॉक्टरांकडे जाईल. उद्या लॅब बंद आहे. ट्रेनिंग स्कूलची पांढरी गाडी पावणेसातला पाण्याच्या टाकीजवळ येते, प्रवासी तिच्यात आधीपासून बसलेला असतो, आणि पहिला शिकाऊ सात वाजता स्टिअरिंगवर बसतो.